सोमवारचं बिरडं

श्रावणी सोमवारचं वालाचं बिरडं खरं तर शनिवारी रात्रीच सुरू होतं. कडवे वाल भिजत पडतात, रविवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधले जातात आणि सोमवार उजाडेपर्यंत त्यांना मोड येतात. मग ते कोमट पाण्यात टाकायचे आणि सोलायला बसायचं. बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो.

सोलायला अक्कल फारशी लागत नाही, बोटं लागतात. वाल चिमटीत धरून हलकेच दाबला की तपकिरी, चिवट साल हातात राहते आणि आतला सोललेला दाणा, म्हणजे डाळिंबी, सुळकन उडते. कधी भांड्यात, कधी सोफ्याखाली. मोड शाबूत हवा, पाकळ्या सुट्या व्हायला नकोत. जोरात दाबलं तर दोन तुकडे, हळू दाबलं तर काहीच नाही. थोड्या वेळाने बोटांची टोकं सुरकुततात आणि त्यांना जो उग्र वास लागतो तो साबणालाही दाद देत नाही.

एवढं करून वाल म्हणजे काही चैनीची वस्तू नव्हे. पेण, रोहा, अलिबागकडे भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतात. थंडीत हिरव्या शेंगा पोपटीच्या मडक्यात भाजायला जातात, वाळलेला दाणा वर्षभर डब्यात पडून असतो. तरी खारकर आळीसारख्या जुन्या ठाण्यातल्या कायस्थ घरांत बिरड्याला पक्वान्नाच्या पंगतीतला मान. मला वाटतं, हा मान सोलणाऱ्या हातांनी मिळवून दिलाय. पनीर आणायला पैसे पुरतात. बिरड्याला घरातल्या कुणीतरी अर्धी सकाळ द्यावी लागते. 'तुमच्यासाठी बिरडं केलंय' म्हटल्यावर पाहुणा दुसऱ्यांदा वाढून घेतो, तो उगीच नाही.

हल्ली गावदेवीच्या मंडईत सोललेल्या डाळिंब्या पिशवीत मिळतात. सासूबाई त्या पिशवीकडे अशा बघतात, की जणू मी जेवणच बाहेरून मागवलंय. मी मात्र बेलाशक आणते. नोकरी सांभाळून सोमवारचा उपास सोडायचा तर कुणाची तरी बोटं उसनी घ्यावीच लागतात. फक्त विकणाऱ्या बाईशी घासाघीस करत नाही. पिशवीत काय भरलंय ते स्वतः सोलल्याशिवाय कळत नाही.

शिजवताना मात्र सासूबाई ओट्याशी हजर. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, हिंग, हळद, त्यावर डाळिंब्या. झाकणावर पाणी ठेवून मंद आच. कुकरचं नाव काढायचं नाही. मी डाव उचलला की मागून आवाज येतो, ‘‘अगं, ढवळू नकोस, पातेलं धरून हलव.’’ डाळिंबी बोटाने दाबल्यावर लोण्यासारखी दबली पाहिजे, पण पातेल्यात अख्खी दिसली पाहिजे. मगच आमसूल. घाईने आधी टाकलं तर आंबटामुळे ती दडदडीत राहते, मग कितीही शिजवा. शेवटी ओलं खोबरं, जिरं, मिरची, कोथिंबिरीचं वाटण, गुळाचा खडा आणि नारळाचं दूध. त्यानंतर खळखळून उकळायचं नाही, दूध फुटतं.

आमच्या शेजारच्या काकू यात गोडा मसाला घालतात आणि रस जरा आटवून त्याला डाळिंबीची उसळ म्हणतात. त्यांची वाटी आमच्याकडे येते, आमची त्यांच्याकडे जाते, आणि दोन्ही घरांत दुसऱ्याच्या वाटीबद्दल ‘‘चांगलं झालंय, पण...’’ एवढंच बोललं जातं. खरं सांगायचं तर गोड्या मसाल्यात वालाचा कडवटपणा दबून जातो, आणि तो दाबायचाच असेल तर मुगाने काय घोडं मारलंय?

श्रावणात हे सगळं सोवळ्यातलं, कांदा-लसणाशिवाय. महिना सरला की लसूण परत येतो, कांदा येतो आणि एखाद्या रविवारी बिरड्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडतात. त्या दिवशी मात्र आमच्याकडचे पुरुष न बोलावता परात घेऊन सोलायला बसतात.