पहाटेचे ओव्हरव्होल्टेज

कोल्हापूर जिल्ह्यातील एका सूतगिरणीतून आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच प्रकारचे ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारी उपकरणे) येऊ लागले. प्रत्येकासोबतच्या चिठ्ठीत एकच तक्रार असे : ‘ओव्हरव्होल्टेज ट्रिप, कार्ड खराब’, म्हणजे आतले व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेल्याने ड्राइव्ह स्वतःहून बंद पडतो. मी ते उघडून तपासत असे. एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि डीसीचे पुन्हा एसी करणारे आयजीबीटी मॉड्यूल यांच्या प्रत्येक फांदीत डायोड मोडवर ०.३ ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान नीट वाचन मिळे, त्या दोहोंमधल्या डीसी दुव्यावरील, म्हणजे डीसी बसवरील, कपॅसिटरची धारिता छापील आकड्याच्या जवळ असे, बस व्होल्टेज मोजणाऱ्या विभाजक साखळीतील रोध बरोबर असत आणि भारावर तासन्‌तास चालवूनही ड्राइव्ह कुरकुर करीत नसे. निरोगी ड्राइव्ह दुरुस्तीला पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा दुखणे तो जिथे बसवला होता तिथे असते. हे सांगायला मी गिरणीत गेलो.

सूतगिरणीतील ड्राइव्हवर चालणारी रिंग फ्रेम (सूत कातण्याचे यंत्र) अचानक बंद पडणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. एका फ्रेमवर हजारभर चात्या मिनिटाला १५,००० हून अधिक फेऱ्यांनी फिरत असतात. ती ठरलेल्या क्रमाने, वेग उतरवीत थांबवली तर धागे टिकतात. मोटरचा पुरवठा एकाएकी तुटला तर पुन्हा सुरू करताना धागे मोठ्या प्रमाणावर तुटतात, कापूस रोलरांभोवती गुंडाळून त्याचे लॅप तयार होतात आणि फ्रेमवरील बायकांना ते लॅप आकडीने काढून एकेक धागा जोडत बसावे लागते. तास-दीड तासाचे उत्पादन जाते आणि त्याचा जाब बहुतेक वेळा त्या बायकांनाच विचारला जातो.

माझ्याआधी पुरवठादाराचे अभियंते येऊन गेले होते. त्यांनी आधी कार्ड बदलले, मग अख्खा ड्राइव्ह बदलला आणि शेवटी प्रत्येक फ्रेमला ब्रेकिंग रेझिस्टर (मोटरकडून उलट येणारी ऊर्जा जिरवणारा रोध) बसवण्याचे दरपत्रक दिले. डीसी ओव्हरव्होल्टेजचे पुस्तकी कारण असे, की मोटरचा वेग झपाट्याने उतरवताना फिरत्या वस्तुमानाची ऊर्जा उलट ड्राइव्हमध्ये येते आणि बसचे व्होल्टेज चढते. हे कारण खरे आहे. पण ते इथे लागू होते का, हे ड्राइव्हनेच सांगून ठेवले होते. बिघाडाच्या नोंदीत ट्रिपच्या क्षणाची वारंवारता, करंट आणि बस व्होल्टेज साठवलेले असते. प्रत्येक नोंदीत वारंवारता स्थिर होती, करंट कमी होता आणि बस मात्र ८०० व्होल्टच्या वर गेली होती. वेग उतरतच नसताना ब्रेकिंग रेझिस्टर कशासाठी? दरपत्रक करण्यापूर्वी त्या तीन ओळी कोणी वाचल्या नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

नोंदीत एका गोष्टीची उणीव होती. या ड्राइव्हना स्वतःचे घड्याळ नाही. बिघाड कधी झाला हे ते चालू तासांच्या आकड्यात सांगतात आणि मधे वीज गेली की त्या आकड्यावरून दिवसाची वेळ काढता येत नाही. ती वेळ मला रात्रपाळीच्या वायरमन मामांच्या रजिस्टरमध्ये मिळाली. त्यांनी महिनोन्‌महिने प्रत्येक ट्रिपची वेळ आणि फ्रेमचा क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. "साहेब, दुपारी ही फ्रेम कधीच पडत नाही. पडली तर पहाटे सहाच्या आसपासच. मी सगळ्यांना सांगितलं, पण ऐकायला कोणाला वेळ नव्हता," असे ते म्हणाले. त्याच रजिस्टरमधून आणखी एक गोष्ट दिसली : नुकतेच डॉफिंग होऊन, म्हणजे भरलेली बॉबिन काढून, रिकाम्या बॉबिनवर सुरू झालेल्या फ्रेमच अधिक पडत होत्या. बॉबिन भरत जाते तसा मोटरवरचा भार वाढतो. म्हणजे ज्या ड्राइव्हवर भार सर्वांत कमी, तेच बळी ठरत होते.

वेळ ठरलेली आणि भार कमी, या दोन खुणा एकत्र आल्या की संशय बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यावर जातो. दिवसाचा भार चढण्यापूर्वी वीज उपकेंद्रात कपॅसिटर बँक जोडली जाते आणि पुष्कळ ठिकाणी ती घड्याळाच्या वेळेवर जोडली जाते. रिकामा कपॅसिटर लाइनवर येतो त्या क्षणी व्होल्टेज खाली ओढले जाते, लगेच उसळून शिखराच्या वर जाते आणि काही शे हर्ट्झच्या वारंवारतेने थरथरत एखाद्या आवर्तनात शांत होते. दिव्याच्या प्रकाशात फरक जाणवत नाही, मल्टीमीटरलाही दिसत नाही. त्यातच गिरणीच्या आवारात पॉवर फॅक्टर सुधारणारे स्वतःचे कपॅसिटर पॅनल असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रेरकत्वाशी त्याची जुळणी होऊन तीच उसळी गिरणीच्या आत आणखी मोठी होऊ शकते. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असल्यास वाढणाऱ्या युनिटवर, होऊ लागल्यापासून अशी पॅनल वाढवण्याकडे सर्वांचाच कल आहे. या गिरणीतही पॅनलच्या पायऱ्या (कपॅसिटरचे गट) वाढवल्या होत्या. मात्र त्यांच्यासोबत अशी जुळणी टाळणारे डिट्यून्ड रिअॅक्टर बसवले नव्हते.

आता आकडे पाहू. ४१५ व्होल्ट पुरवठ्याचे शिखर सुमारे ५८७ व्होल्ट असते आणि भार नसलेल्या ड्राइव्हची बस जवळजवळ तेवढीच राहते. या गिरणीत पहाटे पुरवठा ४४० पर्यंत चढत होता, म्हणजे बस ६२० च्या आसपास. ट्रिपची मर्यादा ८०० ची. शिखर तीस टक्क्यांनी उसळले तरी ती मर्यादा गाठली जाते. भार असलेल्या ड्राइव्हमध्ये आत येणारी जास्तीची ऊर्जा मोटर खाऊन टाकते. रिकाम्या ड्राइव्हमध्ये ती कपॅसिटरमध्येच साठते. पुरवठा आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये लाइन चोक (तारेची गुंडाळी) असता तर हा धक्का बोथट झाला असता. जुन्या फ्रेमच्या ड्राइव्हना चोक होते आणि त्या पडत नव्हत्या. नव्या खरेदीत चोक ‘ऐच्छिक’ या शीर्षाखाली होता म्हणून खरेदी समितीने तो वगळला. वाचलेली रक्कम ड्राइव्हच्या किमतीच्या मानाने किरकोळ होती.

हे सर्व तर्काने पटत असले, तरी पुराव्याशिवाय व्यवस्थापन ऐकणार नव्हते. म्हणून मी पहाटे डिफरेन्शियल प्रोब आणि व्होल्टेजची लाट पडद्यावर टिपणारा ऑसिलोस्कोप घेऊन गेलो. ड्राइव्ह बंद करून, बस उतरेपर्यंत दहा मिनिटे थांबून, ती ५० व्होल्टच्या खाली आल्याची मीटरने खात्री करून मी प्रोब जोडले : एक डीसी बसवर, दुसरा येणाऱ्या दोन फेजवर. ट्रिगर ७०० व्होल्टवर ठेवला, म्हणजे बस त्यापलीकडे जाताच चित्र टिपले जाईल. फ्रेम सुरू केली आणि वाट पाहिली.

सहा वाजून गेल्यावर पडद्यावर हवे ते चित्र उमटले. फेजच्या लाटेवर खोल खाच, तिच्यामागोमाग उसळी आणि थरथर, आणि त्याच क्षणी बस काही मिलिसेकंदांत ८०० पलीकडे. या व्यवसायात इतके स्वच्छ चित्र क्वचित मिळते. फ्रेम थांबली. पलीकडच्या बाजूच्या मावशी सवयीने पुढे झाल्या आणि रोलरवर बसलेला लॅप काढण्यासाठी त्यांनी आकडी आत घातली. आणि फ्रेम कोणीही बटण न दाबता पुन्हा सुरू झाली.

मी आणीबाणीचे बटण दाबले. मावशींनी हात मागे घेतला होता. आकडी रोलरांमध्ये वाकून अडकली होती. त्यांच्या बोटांना काही झाले नाही.

ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये पाहिले तेव्हा कारण समोर होते. ट्रिपच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून कोणीतरी ऑटो रीस्टार्ट चालू केला होता : पाच प्रयत्न, प्रत्येकाआधी दहा सेकंदांचा अवकाश. रन कमांड (मोटर चालवण्याचा आदेश) धरून ठेवणाऱ्या संपर्कातून येत असल्यामुळे ट्रिप पुसला गेला, की ड्राइव्ह आपोआप मोटर फिरवू लागे. पंप किंवा पंख्यासाठी ही सोय ठीक आहे. माणूस हात घालतो अशा यंत्रावर ती घातक आहे. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक, पुरवठा परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊन धोका होणार असेल तर ते रोखावे, असे स्पष्ट सांगते. ट्रिपनंतरच्या पुनःप्रारंभाचा धोका त्याहून वेगळा नाही. नंतर कार्यालयात ‘कामगाराने मेन स्विच बंद न करता हात घातला’ असे वाक्य लिहिले जात होते. मी ते लिहू दिले नाही. थांबलेली फ्रेम थांबलेलीच राहील, हा त्या बाईंचा समज बरोबर होता; तो खोटा ठरवणारी सेटिंग कोणाच्याही सहीशिवाय झाली होती.

त्याच सकाळी सर्व फ्रेमचा ऑटो रीस्टार्ट बंद केला आणि पॅरामीटरला पासवर्ड लावून त्याची नोंद रजिस्टरमध्ये केली. पुढे कपॅसिटर पॅनल पहाटेपुरते हाताने चालवून मोजक्याच पायऱ्या ठेवल्या. त्या काळात ट्रिप थांबले आणि कारणाबद्दलची शंका मिटली. बिलाच्या काळजीने तो उपाय कायम ठेवता येत नव्हता, म्हणून नव्या ड्राइव्हना तीन टक्क्यांचे लाइन चोक बसवले. तेव्हापासून पहाटेचे ट्रिप झालेले नाहीत.

तरीही हे प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही. ती सेटिंग कोणी केली हे शेवटपर्यंत कळले नाही आणि अशी सेटिंग केलेल्या किती फ्रेम इतर गिरण्यांत आज चालू आहेत, हा विचार मला अस्वस्थ करतो. हल्ली कुठेही रिंग फ्रेमच्या ड्राइव्हसाठी बोलावले, की तक्रार ऐकण्याआधी मी तो पॅरामीटर उघडतो. आणि या गिरणीतील मूळ उसळी अजून येतेच आहे. चोकमुळे ती ड्राइव्हच्या बसपर्यंत कमी होऊन पोहोचते, एवढेच. कपॅसिटर पॅनलला सात टक्क्यांचे डिट्यून्ड रिअॅक्टर बसवून त्याची अनुनादाची वारंवारता १८९ हर्ट्झवर आणावी, हा माझा प्रस्ताव खरेदी समितीपुढे पडून आहे. दरम्यान ऑटोकोनरचे (सूत कोनवर गुंडाळणाऱ्या यंत्राचे) पॉवर सप्लाय आणि एलईडी दिवे कोणत्या वेळी जातात, हे वायरमन मामांनी त्याच रजिस्टरमध्ये लिहायला घेतले आहे. पुढच्या बैठकीला ते रजिस्टर मी त्यांच्याच हातून समितीसमोर ठेवायला लावणार आहे.