पावसाळी सह्याद्रीसाठी लेन्स फिल्टर: आधी सीपीएल, मग एनडी

रंग, कॉन्ट्रास्ट, आकाशाची छटा हे सगळं नंतर संगणकावर हवं तसं करता येतं. ओल्या पानावरची पांढरी चकाकी मात्र घालवता येत नाही, कारण तिच्याखालचा हिरवा रंग सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो. तेच शटरचं. १/१००० सेकंदाच्या शटरला गोठलेलं पाणी नंतर वाहतं करायला गेलं की खोटं दिसतं. म्हणून पैसे आधी या दोन कामांवर घालावेत: चकाकी कापणारा सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) आणि उजेड कमी करणारा एनडी (न्यूट्रल डेन्सिटी). लेन्सबरोबर दुकानात हमखास गळ्यात मारला जाणारा यूव्ही फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यात फक्त काच सांभाळतो. धबधब्याच्या तुषारात तो असू द्या. रात्री दिवे चौकटीत असतील तर काढाच, नाहीतर दिव्यांची भुतं फोटोत उमटतात.

फिल्टरचं माप लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला ø या खुणेपुढे असतं: ४९, ५८, ६७, ७७, ८२. ही आट्यांच्या व्यासाची मिलिमीटर आहेत, फोकल लेंग्थशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेऊ नका. सगळ्यांत मोठ्या लेन्सच्या मापाचे घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी, लावा; ती काही शे रुपयांत मिळते. पुढे एफ/२.८ चा (मोठ्या छिद्राचा) झूम घ्यायचा विचार असेल तर सरळ ८२ घ्या. तोटा एकच: रिंग लावली की लेन्सचं हूड (पुढचं संरक्षक नळकांडं) बसत नाही, आणि पावसात हूड लागतंच. त्यामुळे छत्री धरणारा जोडीदार हवा.

आता सीपीएल. ढगाळ हवेत त्याचा उपयोग नाही असा समज आहे, तो निळ्या आकाशाचे फोटो बघून झालेला. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त होतो हे खरं. पण ताम्हिणीत किंवा आंबोलीत भर पावसाळ्यात निळं आकाश असतं कुठे? तिथे प्रत्येक पान, कातळ, शेवाळ ओलं असतं आणि त्यावर ढगांचा पांढरा उजेड चमकत असतो. फिल्टरची पुढची रिंग सावकाश फिरवा. एका जागी चकाकी विरते आणि हिरवा रंग आतून उजळल्यासारखा वर येतो. साचलेल्या पाण्यावर हा परिणाम पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिल्यावर सर्वांत जास्त, अगदी सरळ वरून पाहिलं तर जवळजवळ काहीच नाही. उघड्या धातूची चमक सीपीएलने जात नाही.

दरवेळी टोकापर्यंत फिरवू नका. सगळी चकाकी गेली की कातळ कोरडा आणि पाणी काळवंडलेलं दिसतं, ओलेपणाच हरवतो. टोकाला जाऊन थोडं मागे यावं. रिंग नेहमी फिल्टर घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवावी, उलट फिरवताना अख्खा फिल्टर सुटून दरीत गेला तर सापडायचा नाही. १६ मिमीसारख्या वाइड लेन्सवर निळ्या आकाशात मध्येच गडद पट्टा येतो, तिथे सीपीएल काढून ठेवा. आणि इंद्रधनुष्य दिसलं तर आधी रिंग तपासा, एका स्थितीत ते चौकटीतून गायब होतं.

सीपीएल स्वतः दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे धबधब्यासाठी एनडी वाटतो तितका गडद लागत नाही. दाट ढगाळ हवेत उघड्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ ला शटर १/३० च्या आसपास येतं. सीपीएल लावला की १/८. त्यावर तीन स्टॉपचा एनडी८, म्हणजे पूर्ण १ सेकंद. पाण्याचे धागे वेगळे दिसायला १/४ ते १ सेकंद पुरतो. त्यापुढे ठोसेघरसारखा भरलेला धबधबा नुसता पांढरा पडदा होतो. वाऱ्याने पानं हलत असतील तर एनडी काढून, आयएसओ वाढवून १/१२५ चा आणखी एक फोटो घ्या आणि पानं त्यातली जोडा.

एनडीवरचे आकडे फसवतात. ०.९ आणि ८ हे दोन्ही तीनच स्टॉप. १.८ आणि ६४ म्हणजे सहा. ३.० आणि १००० म्हणजे दहा. कंपनीगणिक लिहिण्याची पद्धत बदलते, म्हणून खरेदी करताना स्टॉप किती तेवढंच विचारा. दहा स्टॉपच्या एनडीने १/३० चे सुमारे ३४ सेकंद होतात. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. डीएसएलआर असेल तर मागची डोळा लावायची खिडकी झाका, तिथून उजेड शिरतो.

व्हिडिओचं गणित वेगळं, कारण तिथे शटर हलवायचं नसतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०. हालचालही नैसर्गिक दिसते आणि दिवे लुकलुकत नाहीत. अमेरिकेत लग्न शूट करणाऱ्यांनी १/६० धरावं. लख्ख उन्हात आयएसओ १००, एफ/२.८, १/५० ला सहा स्टॉप कमी करावे लागतात. लॉगमध्ये (नंतर रंग बसवायच्या फिक्या रेकॉर्डिंगमध्ये) कॅमेऱ्याचा किमान आयएसओ ८०० असेल तर नऊ. दाट ढगाळ हवेत तीन स्टॉप कमी धरा. म्हणजे लॉगवाल्यांना दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल (फिरवून गडदपणा बदलणारा) एनडी भर पावसाळ्यातही अपुरा पडतो. त्यांनी सहा ते नऊचा घ्यावा.

व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पोलरायझर. ऊन-सावलीच्या खेळात तो सोयीचा, पण कमाल स्थितीला वाइड लेन्सवर काळी फुली उमटते, म्हणून दोन्ही टोकांना अडणारा घ्या. शिवाय फिरवताना पानांची आणि चेहऱ्याची चकाकीही बदलते, आणि दोन शॉट जुळत नाहीत. ठरलेल्या उजेडात मी साधा एनडीच सुचवेन. स्वस्तातला गडद एनडी इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) तसाच सोडतो, त्यामुळे काळा कपडा तपकिरी दिसतो. कपड्यांचे रंग महत्त्वाचे असतील तर इन्फ्रारेडही अडवणारा आयआर-एनडी लागतो.

अडकलेला फिल्टर जोर लावून दाबला की रिंग लंबगोल होते आणि आणखी फसते. कडेभोवती रुंद रबर बँड लावून हलक्या हाताने फिरवा. पितळी रिंग ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते, थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी. ओला फिल्टर पाकिटात बंद करून ठेवू नका, कोकणातल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर, साफ करायचं द्रावण कापडावर, काचेवर थेट नाही. सीपीएल तर पाण्यात बुडवूच नये, कडेतून ओल शिरली की आतले थर सुटतात आणि मग नवा घेण्यावाचून इलाज नसतो.