मोगऱ्याने गिळलेलं उपमेय

भाची वही घेऊन गच्चीवर आली तेव्हा मी मोगऱ्याच्या कुंडीशी बसलो होतो. ज्ञानोबांच्या 'मोगरा फुलला' या अभंगावर दोन प्रश्न होते: अलंकार ओळखा, आणि मध्यवर्ती कल्पना दोन ओळींत लिहा. पहिल्याचं उत्तर तिने लिहूनही टाकलं होतं. रूपक. "गाईडमध्ये तेच आहे, मामा."

आता रूपकाला दोघं लागतात. 'नयनकमल' म्हटलं की डोळाही समोर असतो आणि कमळही. इथे मोगरा आहे, दारातलं इवलंसं रोप आहे, गगनावर गेलेला वेल आहे. पण मोगरा म्हणजे कोण, ते अभंगभर कुठेच सांगितलेलं नाही. जुन्या साहित्यशास्त्रात याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. उपमान, म्हणजे जिची उपमा दिली ती गोष्ट, उपमेयाला, म्हणजे जिला उपमा दिली तिला, चक्क गिळतं. शास्त्रकारांचा शब्दही तसाच, निगरण! उलट १६१६ साली गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणात इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स 'जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी' म्हणतात आणि लगोलग 'तैसी भासांमाजि साजिरी मराठिया' सांगून मोकळे होतात. जैसी-तैसी, हिशेब चुकता. गोड आहे, पण आपल्याला शोधायला काही उरत नाही.

मला खरं अडवतो तो 'वेचितां'. 'फुले वेचितां बहरू कळियांसी आला.' शाळेत मला ही ओळ म्हणजे कवीची हौस वाटायची. कुंडी आणल्यावर कळलं, हा तर माळीकामाचा साधा अनुभव. मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर. बहर ओसरला की शेंडे खुडावे लागतात. जीव कळवळून झाड तसंच ठेवलं, तर नुसती पानं मिरवतं. शिवाय वेचणं म्हणजे गोळा करणं आणि वेचणं म्हणजे खर्चणंही. आपण आजही 'आयुष्य वेचलं' म्हणतोच. हा श्लेष ज्ञानोबांच्या मनात होता की मी उगाच त्यांच्या पदरी बांधतोय, कोण जाणे. पण एकदा दिसला की पुसता येत नाही.

आणि शेवटी विठ्ठलाला वाहिलं काय? फूल नव्हेच, शेला! तोही 'मनाचिये गुंती गुंफियेला'. गुंती म्हणजे गुंता. तो सोडवत बसले नाहीत, त्यातच विणत गेले. गुंती, गुंफियेला, अनुप्रास म्हणून खूण करायची तर करा, मला तिथे बोटं चाललेली ऐकू येतात.

"म्हणजे रूपक खोडू?"

"राहू दे. गुण जातील."

"आणि मध्यवर्ती कल्पना? मोगरा म्हणजे नक्की काय, ते तर सांग."

मी कात्री शोधायला लागलो. तिने दोन ओळींची जागा तशीच सोडून वही मिटली आणि ओंजळ पुढे केली. नऊ फुलं निघाली, आणि एक कळी चुकून.