आमची वाटचाल: रबाळ्याचा गाळा आणि कायटोसान

सुरुवातीला आमचं कायटोसान, म्हणजे कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं पॉलिमर, जायचं ते कारखान्यांच्या सांडपाण्यातला गाळ खाली बसवायला. पोतं पंचवीस किलोचं आणि चौकशी फक्त भावाची. मग पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांनी पाच-पाच, दहा-दहा ग्रॅम मागायला सुरुवात केली आणि प्रश्न बदलले. डिअॅसिटिलेशन, म्हणजे टरफलातल्या कायटिनवरचे अॅसिटिल गट निघणं, किती टक्के? राख किती? एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं ताप आणणारं विष, किती? पहिल्याचं उत्तर आमच्याकडे होतं, दुसऱ्याचं अर्धवट, तिसऱ्याचं नव्हतंच. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात त्यानंतर जे बदललं, ते या तिसऱ्या प्रश्नापायी.

कोळंबीची टरफलं येतात तळोज्याच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांतून. बर्फात आली तरच उतरवून घेतो, कारण वास मारायला लागलेल्या टरफलांचं कायटोसान पिवळट निघतं आणि चिकटपणाही कमी भरतो. धुऊन वाळवल्यावर किलोमागे पंधरा लिटर 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. टरफलातला कॅल्शिअम कार्बोनेट विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस ड्रमाबाहेर येतो, म्हणून ड्रम अर्ध्याच्या वर भरायचा नाही. आम्लात जास्त वेळ ठेवलं तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. प्रथिनं काढायला 4 टक्के कॉस्टिक सोडा, 70 ते 80 अंशांवर दोन तास. इथवर हातात असतं ते कायटिन. ते 50 टक्के कॉस्टिकमध्ये 100 अंशांच्या आसपास शिजवलं की कायटोसान.

या शेवटच्या टप्प्यात सलग सहा तास शिजवण्यापेक्षा तीन-तीन तासांचे दोन फेरे आणि मधे स्वच्छ धुणं, हे जास्त फायद्याचं. डिअॅसिटिलेशन 85 टक्क्यांच्या वर जातं आणि साखळ्याही फार तुटत नाहीत. हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून वर नायट्रोजन सोडतो. शंभर किलो ओल्या टरफलांतून हाती लागतं चार-पाच किलो. बाकी जातं ते पाणी, चुना आणि प्रथिनं, आणि धुण्याच्या पाण्याचा खर्च कच्च्या मालापेक्षा जास्त!

एंडोटॉक्सिनचं खापर आम्ही बराच काळ टरफलांवर फोडत होतो. खरं तर इतक्या कडक, गरम कॉस्टिकमध्ये जुनं एंडोटॉक्सिन बहुतेक नष्ट होतं. ते परत येत होतं शेवटच्या धुण्याच्या पाण्यातून, साठवणीच्या टाकीत धरलेल्या बुळबुळीत थरातून. आता शेवटची तीन धुणी ताज्या, एंडोटॉक्सिनमुक्त पाण्याने होतात आणि काचेची भांडी 250 अंशांवर अर्धा तास भाजली जातात. मोजणीतही गोम आहे. कायटोसान स्वतःच चाचणीत लुडबुड करतं. म्हणून नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते 50 ते 200 टक्क्यांच्या दरम्यान परत सापडतं का, हे आधी बघायचं. ते न बघता दिलेला 'आढळले नाही' हा शेरा बिनकामाचा. बहुतेक वैद्यकीय उपकरणांना मर्यादा नगामागे 20 एंडोटॉक्सिन एककांची. मेंदू-मणक्याच्या द्रवाशी संबंध येणार असेल तर 2.15.

भुकटीनंतर पेशी वाढवायचा स्पंज. कृती कागदावर सोपी: 1 टक्का अॅसेटिक आम्लात 2 टक्के कायटोसान, गाळून, बुडबुडे काढून, 3 मिलिमीटर जाडीचा थर साच्यात, रात्रभर गोठवणं, मग दोन दिवस लायोफिलायझर, म्हणजे गोठलेलं पाणी व्हॅक्यूममध्ये उडवणारं यंत्र. उणे 20 वर सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि छिद्रंही मोठी. उणे 80 वर झटकन गोठवलं तर बारीक. पेशींना आत शिरायला जागा हवी असेल तर पहिलाच मार्ग. वीज जाऊन व्हॅक्यूम तुटला तर स्पंज वरून शाबूत दिसतो, पण कापल्यावर मधे काचेसारखा कडक पापुद्रा निघतो. तो नग सरळ कचऱ्यात.

खरी फजिती त्यापुढे. वाळलेल्या स्पंजात अॅसेटिक आम्ल मिठाच्या रूपात दडलेलं असतं. तसाच स्पंज पेशींच्या गुलाबी माध्यमात टाकला की काही मिनिटांत त्याच्या कडेने पिवळं वलय पसरतं. माध्यमातला फिनॉल रेड आम्लाची चुगली करतो. पेशी मरतात आणि अहवालात दोष लागतो कायटोसानला. आम्ल मारायला स्पंज पाण्यात कालवलेल्या कॉस्टिकमध्ये बुडवला, तर कॉस्टिक आत पोचायच्या आधी पाणी पोचतं आणि छिद्रांच्या भिंती विरघळून स्पंज बसतो. म्हणून कॉस्टिक इथेनॉलमध्ये कालवायचं, मग इथेनॉलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवत पाण्यावर यायचं आणि धुतलेल्या पाण्याचा पीएच उदासीन येईपर्यंत थांबायचं नाही.

पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) या दुसऱ्या पॉलिमरचे विजेच्या दाबाने बारीक धागे ओढणं हे वेगळंच प्रकरण. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये 10 ते 12 टक्के द्रावण, 12 ते 15 किलोव्होल्ट, सुईपासून पत्र्यापर्यंत 15 सेंटिमीटर, तासाला 1 मिलिलिटर. द्रावण पातळ पडलं तर धाग्यात मणी येतात. पावसाळ्यात मात्र सगळं बरोबर असूनही धाग्यांवर खळगे पडायचे. द्रावक उडताना धागा थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते. ठाणे खाडीकाठच्या जुलैच्या हवेत दुसरं काय होणार? खोलीची आर्द्रता 45 टक्क्यांवर बांधल्यावरच ते थांबलं. उरलेलं क्लोरोफॉर्म काढायला 40 अंशांवर 48 तास व्हॅक्यूम. औषधांसाठीची मर्यादा 60 पीपीएम आहे, आम्ही तीच धरतो. त्याहून गरम करायची सोय नाही, कारण पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतं. याच कारणाने एप्रिल-मेमध्ये पार्सल थर्माकोलच्या खोक्यात, जेल पॅक घालून जातं.

निर्जंतुकीकरणाला वाफेचा ऑटोक्लेव्ह बाद. गॅमा किरणांनी, 25 किलोग्रेच्या नेहमीच्या मात्रेने, काम होतं, पण कायटोसानच्या साखळ्या तुटून चिकटपणा खाली येतो. गॅमासाठीचा लॉट आम्ही मुद्दाम जास्त चिकटपणाचा निवडतो आणि प्रमाणपत्रावर किरणांआधीचा व नंतरचा, दोन्ही आकडे छापतो. गॅमाला सोय जवळच आहे, ट्रॉम्ब्याला 1974 मध्ये सुरू झालेलं आयसोमेड हे किरणांनी निर्जंतुक करणारं केंद्र आहे.

आयएसओ 10993-5 प्रमाणे एल929 या उंदराच्या पेशींवर मालाच्या अर्काची विषारीपणाची चाचणी बाहेरून करून घेतो; जिवंत पेशी 70 टक्क्यांच्या खाली गेल्या तर लॉट विकत नाही. हा निकाल त्या लॉटचा असतो, पॉलिमरच्या नावाचा नव्हे. पीएचडी सबमिशनच्या तोंडावर 'कायटोसान बायोकम्पॅटिबल आहे असं पत्र द्या' असे फोन येतात. तसं पत्र देत नाही, लॉट नंबर मागतो.

शरीरात बसवायचं उपकरण आम्ही बनवत नाही. वैद्यकीय उपकरण नियम 2017 खाली कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गाचा परवाना राज्याकडून मिळतो, जास्त धोक्याच्या सी आणि डी वर्गाचा केंद्राकडून. विरघळणारी इम्प्लांट वरच्या वर्गांत मोडतात. दीड हजार फुटांच्या गाळ्यात ते पेलणारं नाही. प्रत्येक पिशवीवर 'फक्त संशोधनासाठी' असा शिक्का असतो आणि लॉटमागे 20 ग्रॅम नमुना फ्रीजरमध्ये. दर सहा महिन्यांनी त्यातलाच थोडा काढून चिकटपणा मोजतो. आकडा उतरलेला दिसला की तो लॉट घेतलेल्या प्रत्येकाला कळवतो.