सांता क्लाराच्या बाजारातली गाणी

लिस्बनमध्ये सांता क्लाराच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. मंगळवारी मी ऑफिसात असते, त्यामुळे शनिवार माझा. पितळी कड्या, जुन्या भिंतींवरून निघालेल्या निळ्या टाइल्स, कुणाच्या तरी घरातले काचेचे पेले आणि त्यांच्याच शेजारी खोक्यांत उभ्या लावलेल्या गाण्यांच्या तबकड्या. माझ्याकडच्या बहुतेक पोर्तुगीज तबकड्या इथल्याच. मैदानाच्या कडेला जो मोठा पांढरा घुमट दिसतो, तिथे देशातल्या थोरामोठ्यांच्या समाध्या आहेत. त्यांत फादो, म्हणजे लिस्बनचं पारंपरिक गाणं, गाणाऱ्या आमालिया रॉद्रिगेशची आहे. ती १९९९ मध्ये गेली आणि २००१ मध्ये तिला इथे आणलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. तिचीच तबकडी हातात घेऊन मी त्या घुमटाखालून घरी येते, तेव्हा दर वेळी मन भरून येतं. गाणाऱ्या बाईला एखाद्या देशाने इतक्या उंचीवर बसवावं, याचं मला फार अप्रूप आहे.

'तिकडे काय ऐकतेस?' असं तुमच्यापैकी बरेच जण विचारता, म्हणून आज माझ्या कपाटातल्या काही गाण्यांबद्दल लिहिते आहे.

पहिली अर्थात आमालियाचीच, १९६२ची. मुखपृष्ठावर तिचा अर्धपुतळा आहे, म्हणून इथे सगळे तिला 'बुश्तु' म्हणूनच ओळखतात. नऊ गाणी. त्यातलं 'आबांदोनु' लोकांच्या तोंडी 'पेनिशचा फादो' म्हणून आहे. पेनिश हे समुद्रकाठचं गाव, तिथल्या किल्ल्यात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी ठेवले जायचे. गाण्यात कुणाचं नाव नाही, रात्री कुणाला तरी नेलं आहे एवढंच. ऐकणाऱ्यांना ते बरोबर कळलं आणि सेन्सॉरलाही कळलं, त्यामुळे गाण्यावर बंदी आली.

पण मला या तबकडीत सर्वांत जास्त धरून ठेवतात ती दुसरी दोन गाणी. 'एश्त्रान्या फॉर्मा द व्हिदा'चे शब्द आमालियाने स्वतः लिहिले आणि चाल घेतली आल्फ्रेदो मार्सनेरूची. हा मार्सनेरू पेशाने सुतार आणि फादोतला फार मोठा माणूस. 'पोव्हु क लाव्हाश नु रिउ' ही पेद्रू ओमें द मेलूची कविता, ती बसवली आहे जुआकिं कांपुशच्या 'व्हितोरिया' नावाच्या फादोवर. म्हणजे चाली आधीपासून होत्या, नव्या शब्दांना त्यांत घर मिळालं. पारंपरिक फादोची रीतच ही. चालींना नावं असतात, शब्द बदलत राहतात. 'मेनोर', 'कोर्रीदु' आणि 'मोरारिया' या सगळ्यांत जुन्या तीन, त्यांचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. कविता त्या चालीच्या मापात बसली की झालं, चार ओळींचं कडवं असेल तर एक चाल, सहा ओळींचं असेल तर दुसरी.

अल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीतल्या एका लहानशा खानावळीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. स्वयंपाकघरातून एक बाई अॅप्रन सोडत बाहेर आल्या, वादकांच्या कानात फादोचं नाव आणि पट्टी सांगितली, दिवे मंद झाले, वाढपी जिथल्या तिथे थांबले आणि गाणं सुरू झालं. तालीम नाही, कागद नाही. बारा तारांची पोर्तुगीज गिटार त्यांच्या दोन ओळींच्या मधल्या जागा भरत गेली. गाणं चालू असताना काटा-चमचासुद्धा वाजलेला चालत नाही.

त्या रात्री घरी येऊन मी आईने दिलेल्या पेन ड्राइव्हमधली नाट्यपदं लावली. लहानपणी आमच्याकडे संगीत नाटकांची जुनी पुस्तकं होती. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचे शब्द छापलेले असायचे. तेव्हा मी ती ओळ सोडून पुढे वाचायची. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांच्या कानात साकी, दिंडी, कामदा या जुन्या चाली आधीच मुरलेल्या होत्या, म्हणून नवं पद पहिल्याच रात्री आपलंसं होत असणार. ही गोष्ट मला पुण्यात राहून कधी जाणवली नव्हती. ती लिस्बनच्या त्या खानावळीत कळली, आणि तेव्हापासून नाट्यपदं मी वेगळ्या कानाने ऐकते. आधी चाल ओळखायची, मग कवीने त्यात शब्द कसे चालवले ते बघायचं. चाल जुनी आहे म्हणून गाणं कमी अस्सल, असं मानायचं आपण सोडायला हवं. कानावर रुळलेल्या चालीत स्वतःचं काही म्हणणं मांडणं जास्त कठीण आहे.

कार्लुश पारेदेशच्या तबकड्यांत शब्दच नाहीत, नुसती गिटार. तो मूळचा कुइंब्रा शहराचा. तिकडची गिटार लिस्बनच्या गिटारपेक्षा एक स्वर खाली लावतात, त्यामुळे नाद अधिक गंभीर येतो. एवढा मोठा वादक, पण पोटासाठी लिस्बनच्या साओ जुझे रुग्णालयात एक्स-रे सांभाळायची नोकरी करायचा. सरकारविरोधी ठरवून १९५८ मध्ये त्याला तुरुंगातही टाकलं होतं. 'व्हेर्देश आनुश' ही त्याची रचना १९६३च्या एका चित्रपटासाठी केलेली. ती मी कामं करताना लावत नाही, सगळं बाजूला ठेवून बसते.

मग 'ग्रांदुला, व्हिला मोरेना'. गायक झेका आफोन्सूने ते १९७१ मध्ये फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रित केलं. सुरुवातीला खडीवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज आहे, तोच ताल पुढे गाण्याला पुरतो. वाद्य एकही नाही. एक जण कडवं म्हणतो आणि पाठोपाठ सगळे मिळून त्याच ओळी उलट्या क्रमाने म्हणतात, शेवटची आधी, पहिली शेवटी. दक्षिणेकडच्या आलेंतेजू भागातले शेतमजूर असंच समूहाने गातात. २५ एप्रिल १९७४च्या मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी हे गाणं रेडिओवर लागलं, तो बंड पुकारलेल्या सैनिकांसाठी निघायचा इशारा होता. त्या दिवसाअखेर जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली होती. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा जोडते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी सालाझारच्या सरकारने ते कधी मान्य केलं नाही. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत करारावर सही करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. २५ एप्रिलच्या मिरवणुकीत हजारो लोक हे गाणं एका आवाजात म्हणतात आणि मीही त्यांच्यात उभी राहून म्हणते, तेव्हा त्या कराराची मला आठवण असते.

शेवटची तबकडी बाजारातली नाही, ऑफिसातल्या केप व्हर्देच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांवरच्या, मैत्रिणीने दिलेली. तिकडचीच गायिका सेझारिया एव्होराची, १९९२ची, तिच्यात 'सोदादे' आहे. साओ निकोलाऊ बेटावरचे लोक करारावर बांधून घेऊन दूर साओ तोमेच्या मळ्यांत कामाला जायचे, त्या वाटेचं हे गाणं. माझे पणजोबा वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला गिरणीत गेले होते, ते दोन वर्षं घरी आले नाहीत असं आजी सांगायची. मी मैत्रिणीला ते सांगितलं. तिने लगेच विचारलं, मागे राहिलेल्या बायका काय गायच्या?

जात्यावरच्या ओव्या, मी म्हटलं, आणि दोनतीन म्हणून दाखवल्या. चाल तिने पटकन उचलली आणि तिच्या क्रिओल भाषेत स्वतःच्या दोन ओळी त्यावर बसवल्या. पुढच्या शनिवारी ती माझ्याकडे जेवायला येते आहे, तेव्हा फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवणार आहोत. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आजी-आत्या अजून मुंबईला गेलेल्या माणसांवरच्या ओव्या म्हणत असतील, तर त्या मला पाठवा. मालवणीतल्या असल्या तर फारच बरं.