सांगोल्याच्या गाईचे सीरम

सोलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत गोचीडतापाचा नमुना सहसा काचपट्टीवरच संपतो: गिम्साचा रंग, तेलाची लेन्स, तांबड्या पेशीत जोडीने बसलेले नासपतीच्या आकाराचे बबेसिया बायजेमिना हे परजीवी, आणि अहवाल. सांगोल्याची ही खिलार गाय वेगळी निघाली, कारण रक्तात तुरळक परजीवी असूनही तिला ना ताप होता, ना लाल लघवी. तिच्या प्रतिपिंडांमुळेच हे परजीवी दबून आहेत का, हे तिच्या सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावर, पाहायचे ठरवले.

लेव्ही आणि रिस्टिक या संशोधकांनी १९८० मध्ये बबेसिया बोव्हिस हा याच कुळातला परजीवी प्रयोगशाळेत तांबड्या पेशींच्या स्थिर थरात वाढवून दाखवला. त्याच पद्धतीने आम्ही बायजेमिना वाढवतो. तळाशी बसलेला पेशींचा थर ढवळायचा नाही, हे नव्या माणसाच्या हाताला पटकन पटत नाही. परजीवी वाढला की तो थर लालभडक न राहता काळपट होतो. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवले, म्हणजे त्यातील पूरक प्रथिने (प्रतिपिंडांना साथ देणारी प्रतिकारप्रथिने) निकामी होतात. मग ते परजीवी वाढवायच्या खळग्यांत घातले. निरोगी वासराच्या सीरमचा खळगा काळवंडला. या गाईचा मात्र लालच राहिला.

आनंद व्हायच्या आधी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, मागं एक सुई दिली हुती, पण कसली ते कुणी लिहून दिलं न्हाई."

ती डिमिनाझिन या बबेसियावरच्या औषधाची असेल, तर सीरममध्ये उरलेले औषधही परजीवी रोखू शकते. औषध टोचून चिठ्ठी न देणे हा मी अक्षम्य हलगर्जीपणा मानतो. मग प्रतिपिंडांना धरून ठेवणाऱ्या प्रोटीन-जी स्तंभावरून फक्त आयजीजी प्रतिपिंडे वेगळी काढली आणि डायलिसिस करून, म्हणजे लहान रेणू पडद्यातून बाहेर जाऊ देऊन, औषध धुऊन टाकले. वाढ पुन्हा मंदावली, पूर्ण सीरमइतकी नव्हे, पण स्पष्ट. पेशींबाहेर पडलेले परजीवी एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने दिसत होते.

उरलेला परिणाम औषधाचा की सीरममधल्या आणखी कशाचा, हे मला सुटलेले नाही. शिवाय प्रतिपिंडांना परजीवी सापडतो तो एका पेशीतून दुसरीत शिरेपर्यंतच. आत गेलेला त्यांच्या हाती लागत नाही. आम्ही वापरलेले परजीवीचे वाण तिच्या अंगातले नव्हते, म्हणून खरी चाचणी तिच्याच परजीवींवर व्हायला हवी. त्यासाठी बर्फात तातडीने पोहोचलेले ताजे रक्त मागवले आहे.