पाठ केलेली आठवी ओळ

"डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी."

मुलाने एका दमात म्हणून टाकलं आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. मी डोळे तपासायच्या तक्त्याकडे पाहिलं. त्या ओळीत यातलं एकही अक्षर त्या क्रमाने नव्हतं. रांगेतली मुलं पुढच्याचं ऐकून अक्षरं पाठ करतात, म्हणून मी अधूनमधून तक्ता बदलते. त्या दिवशी तो बदलून पाच मिनिटंही झाली नव्हती. ही बातमी रांगेच्या शेपटापर्यंत पोचली नव्हती, आणि याला तर बदललेला तक्ता दिसतच नव्हता.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. शाळेत सगळे डॉक्टर म्हणतात, मी दोनदा दुरुस्त करते आणि मग सोडून देते. शाळेतल्या तपासणीत एका मुलाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. उजवा डोळा, डावा डोळा, रजिस्टरमध्ये आकडा, पुढचा या.

या मुलाला मात्र मी थांबवलं. सर्वांत वरचं मोठं अक्षर विचारलं. ते त्याने डोळे बारीक करून ओळखलं, त्याखालचं काहीच नाही. म्हणजे 6/60. चांगल्या डोळ्याला जे 60 मीटरवरून दिसतं, ते याला 6 मीटरवरून. डोळ्यापुढे बारीक छिद्राची पट्टी धरली, तर तोच मुलगा तक्त्यावर खाली 6/12 च्या ओळीपर्यंत वाचत गेला. छिद्रातून दिसायला लागलं की आम्हाला हायसं वाटतं: बहुधा दोष नंबराचा आहे, आतला आजार नाही.

"पाठ का केलंस रे?"

"परीक्षा होती ना."

त्याची लहान बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून इथेही तो दादाच. वय 10.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. वर्ग क्षणात रिकामा झाला, पण चार-पाच मुलं बसूनच राहिली. त्यात दादा. शेजारच्याची वही ओढून, तिच्यात नाक खुपसून उतरवून घेत होता. वर्गशिक्षिका तिथेच होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "फळ्यावरचं रोज अपूर्ण ठेवतो. पूर्ण केल्याशिवाय बाहेर सोडत नाही मी. आळशी आहे हो, बाकी हुशार."

"रोज?"

"जवळजवळ रोज. पीटीच्या तासालाही कधीकधी."

बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. अपूर्ण वही दिसते, अपूर्ण नजर दिसत नाही. पण मला तिथे उभ्या उभ्या चर्र झालं. फळा दिसत नाही म्हणून वही अपूर्ण, वही अपूर्ण म्हणून सुट्टीत वर्गात, आणि शाळेच्या दिवसात डोळ्याला मिळू शकणारा खरा उजेड जिथे असतो, ते मैदान बंद. हे किती महिने चाललं असेल कुणास ठाऊक.

मी मोबाईल काढला. त्यात उजेड मोजायचं एक ॲप ठेवलेलं आहे. त्याचा आकडा अंदाजे असतो, पण समजवायला पुरतो. दादाच्या बाकावर, भिंतीकडे, 150 लक्सच्या आसपास. खिडकीजवळच्या बाकावर 600. बाई म्हणाल्या, "अहो, सगळे दिवे लावलेत की." लावलेले होतेच. मी त्यांना व्हरांड्यात नेलं: 2,000. झाडाखाली: 8,000. उघड्या मैदानात आकडा 70,000 च्या पुढे गेला, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः परत वर्गात जाऊन बघून आल्या.

गोम इथेच आहे. आपल्या नजरेला हा फरक जाणवतच नाही. बाहुली लहान होते, पडदा जुळवून घेतो, आणि दीडशे लक्सही आपल्याला "छान उजेड" वाटतो. वाढत्या डोळ्याला मात्र तो फरक कळतो. प्रखर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबीला आवर घालतं, असा आज सर्वांत जास्त मानला जाणारा खुलासा आहे. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत प्रखर उजेडाने डोळ्याची अवाजवी वाढ मंदावली, आणि डोपामाइनचं काम अडवणारं औषध दिल्यावर उजेडाचा तो फायदा नाहीसा झाला. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा हेच: डोळा प्रमाणाबाहेर लांब होतो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते आणि लांबचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर. आणि एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

दादाच्या पालकांना चिठ्ठी दिली. शनिवारी आई दोन्ही मुलांना घेऊन दवाखान्यात आली.

आईला स्वतःला जाड चष्मा. बसायच्या आधीच विचारलं, "मोबाईलमुळेच ना हे?" हा प्रश्न मला रोज येतो, आणि त्याला हो म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. पण तैवानमध्ये मुलांचे नंबर वाढत चाललेत हे 1980 च्या दशकातल्या पाहण्यांतच दिसलं होतं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता? जवळून बघत राहण्याचा भाग आहेच, आईबाबांच्या नंबराचा भाग आहे, पण मोबाईल काढून घेऊन मूल त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसलं, तर अर्धंच काम झालं. 2008 साली प्रसिद्ध झालेली सिडनी आणि सिंगापूरची तुलना मला म्हणूनच आवडते. दोन्हीकडे 6-7 वर्षांची, चिनी वंशाचीच मुलं. सिंगापुरात 29.1 टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत 3.3. पुस्तकं सिडनीची मुलं उलट जास्त वाचत होती. मोठा फरक होता तो घराबाहेरच्या वेळेचा: सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात तीन.

दादाच्या डोळ्यांत ड्रॉप्स टाकले. मुलांच्या डोळ्यात फोकस करण्याची ताकद इतकी असते की ड्रॉप्सशिवाय तपासलं, तर नंबर आहे त्यापेक्षा मायनसकडे झुकतो. म्हणून ते स्नायू सैल करून, बाहुली मोठी करूनच तपासायचं. त्याला चाळीस मिनिटं लागतात.

त्या चाळीस मिनिटांत छोटी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर चित्र काढत बसली होती. वय 6, पहिलीत. कागद आणि नाक यांत वीतभरही अंतर नव्हतं. मी आईला म्हटलं, हिचंही बघून घेऊ.

"हिचे नॉर्मल आहेत. परवा शाळेत तुम्हीच तर तपासलेत."

मी रजिस्टर उघडलं. पहिलीच्या पानावर माझ्याच अक्षरात दोन्ही डोळे 6/6 आणि पुढे ठळक बरोबरची खूण. नॉर्मल. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिला लांबचं लख्ख दिसत होतं.

तरी ड्रॉप्स टाकले. पहिला थेंब झोंबतो. छोटीने विचारलं, "हे पाणी तिखट का आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी दादा. रेटिनोस्कोपचा, म्हणजे नंबर काढायच्या आमच्या छोट्या बॅटरीचा, उजेड डोळ्यावरून फिरवला की आतून परत येणारी लाल पट्टी एक तर माझ्या हाताबरोबर सरकते किंवा उलटी. त्याची उलटी सरकत होती, म्हणजे मायनस. भिंगं लावत गेले, उजवा मायनस 3.25, डावा मायनस 3. डोळ्याची लांबी 24.8 मिलिमीटर. मोठ्या माणसाचा डोळा सरासरी साडेतेवीस-चोवीस असतो, हा 10 वर्षांचा आणि अजून वाढायचा आहे. इतका लांबला की पडदा ताणला जातो, आणि पुढे मोठ्या नंबरात तो सुटण्याचा, फाटण्याचा धोका वाढतो. आमच्या डॉक्टरांनी चष्मा लिहिला, पूर्ण नंबराचा. "थोडा कमी द्या, डोळ्याला सवय लागेल" असं आईने सुचवलं, तसं बऱ्याच घरांत सुचवलं जातं. कमी नंबर दिल्याने वाढ थांबत नाही, हे तपासून झालेलं आहे. सोबत नंबराची वाढ मंदावण्यासाठी कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब.

मग छोटी. पट्टी हाताबरोबर सरकली, चांगलं. पण मी ज्या अंतरावरून तपासते, त्यामुळे जास्तीचा येणारा दीड नंबर वजा केल्यावर उरलं फक्त प्लस 0.25.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. लहान मुलाचा डोळा आखूड असतो, त्यामुळे त्याला थोडा प्लस नंबर असतोच, आणि तो असायलाच हवा. ती त्याची शिल्लक. डोळा वाढत जातो तशी ती खर्च होते, आणि नीट चाललं तर वाढ थांबेपर्यंत पुरते. सहाव्या वर्षी प्लस 0.75 पेक्षा कमी शिल्लक असेल, तर पुढे मायनस लागण्याची शक्यता बरीच वाढते. छोटीकडे पाव उरला होता. तक्त्यावर 6/6, आणि शिलकीत खडखडाट. त्यात आईचा नंबर मोठा, भावाचा सव्वातीन.

मी पुन्हा रजिस्टरमधल्या त्या खुणेकडे पाहिलं. इतकी वर्षं मी या खुणा करत आले. आमची सगळी धडपड ज्यांना दिसत नाही त्यांना शोधायची. पण उजेडाचा उपाय ज्यांच्यावर खरा चालतो, ती मुलं याच खुणेखाली लपलेली असतात. कारण हा उपाय नंबर लागण्याआधीचा आहे. ग्वांगझूमध्ये 12 शाळांत तीन वर्षं प्रयोग झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा जादा तास मैदानावर, बाकी सहा शाळांत नेहमीसारखं. तीन वर्षांत नवा मायनस नंबर लागलेली मुलं मैदानवाल्या शाळांत 30.4 टक्के, इतर शाळांत 39.5. जादू नाही. पण एक घंटा, एक मैदान आणि शून्य औषध, एवढ्यावर शंभरातली नऊ मुलं वाचत असतील, तर माझ्या धंद्यात याहून स्वस्त काही नाही. ज्यांना नंबर आधीच लागलाय त्यांची वाढ मैदानाने कितपत मंदावते, याचा पुरावा मात्र बराच लंगडा आहे.

हे मी आईला सांगितलं, आणि ती गोंधळली. साहजिक होतं. ज्याला दिसत नाही तो मुलगा बाजूलाच, आणि मी मात्र जिला सगळं दिसतंय तिच्याबद्दल बोलत होते.

"हिला खेळायला आवडत नाही हो," आई म्हणाली. "ही चित्रं काढत बसते. तो पळापळी करणारा, तर त्याला शाळेत सोडत नाहीत."

"मग बाहेर बसून काढू दे."

हे मी गंमत म्हणून म्हटलं नव्हतं. डोळ्याला खेळाशी देणंघेणं नाही. सिडनीच्या पाहणीत बंद हॉलमधल्या खेळांचा उपयोग दिसला नव्हता, आणि बाहेर घालवलेल्या वेळेचा दिसला होता, ती खेळात गेली नसली तरी. झाडाची सावली चालते, टोपी चालते, ढगाळ दिवसही चालतो. सूर्याकडे बघायचं नाही, एवढंच. दिवसाला दोन तास जमले तर उत्तम. तैवानने 2010 पासून शाळांना हेच सांगितलं, 120 मिनिटं बाहेर, आणि दरवर्षी चढत चाललेला आकडा तिथे पहिल्यांदा खाली वळला. दोन तास एकदम नकोत, तुकड्यातुकड्याने चालतात. छोटीने मान वर न करता विचारलं, "रंगपण बाहेर न्यायचे?"

सोमवारी मी शाळेत फोन केला. बाईंनी दादाला पुढच्या बाकावर आणलं, आणि सुट्टीत बसवून लिहून घेणं बंद केलं. अपूर्ण वही आता घरी जाते. पीटीचा तास अजूनही परीक्षेच्या आधी गणिताला जातो. त्यावर माझं आणि मुख्याध्यापिकांचं एकदा वाजलं, आणि ते मिटलेलं नाही. मी माझ्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: आईबाबांना मायनस नंबर आहे का. ज्यांच्या पुढे हो येतं, त्यांना डोळे 6/6 असले तरी चिठ्ठी जाते. काही पालक चिडतात, की दिसतंय तर बोलावलं कशाला.

वर्षाने तिघं परत आली. छोटीचा पाव तसाच होता, खर्च झालेला नव्हता. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. ती बाहेर बसली नसती तरी कदाचित तसाच राहिला असता. तिने एक चित्र आणलं होतं, त्यात झाडाखाली बसून चित्र काढणारी मुलगी होती आणि त्या मुलीच्या चित्रातही झाड होतं. दादाचा वाढला होता, मायनस 3.75.

त्याने आकडा वाचला, आणि मला अडवलं. "मी तर रोज बाहेर असतो आता. तरी माझा वाढला?"

मी सुरुवात केली. तुझा आधीच लागला होता, लागलेल्याचं वेगळं असतं, थेंब चालू ठेवायचे, तू या वर्षी आणखी उंच झालास तसा डोळाही. त्याचं लक्ष नव्हतं. चष्मा काढून तो दांड्या वाकवून बघत होता.

"याला मागून बांधायची दोरी मिळते का? झेल घ्यायला वर बघितलं की पडतो."